जुन्या डेस्कटॉपमध्ये १६ जीबी रॅम : किंग्स्टनच्या डीडीआर-३ पट्ट्यांचे परीक्षण

इंटेलच्या एच-६१ चिपसेटचा, म्हणजे प्रोसेसरला इतर भागांशी जोडणाऱ्या चिपचा, मदरबोर्ड आणि कोअर आय-३ ३२२० हा प्रोसेसर असलेला, २०१३ साली जोडून घेतलेला माझा डेस्कटॉप अक्षरजुळणी, मुद्रितशोधन आणि जुन्या पुस्तकांची पाने स्कॅन करून स्वच्छ करणे या कामांसाठी आजही वापरात आहे. त्यातली मूळची ४ जीबी रॅम, म्हणजे काम चालू असताना संगणक वापरतो ती मेमरी, मात्र गेली काही वर्षे अपुरी पडत होती. तिच्या जागी किंग्स्टनच्या व्हॅल्यूरॅम मालिकेतील प्रत्येकी ८ जीबीच्या दोन डीडीआर-३ (रॅमची जुनी पिढी) पट्ट्या बसवल्या, त्यांचे हे परीक्षण आहे. पट्ट्या उत्तम आहेत आणि ज्या कामासाठी घेतल्या ते त्यांनी चोख केले, हे आधीच सांगून टाकतो. मात्र ‘रॅम वाढवा, संगणक पळायला लागेल’ हा जो सल्ला दुकानदारापासून शेजाऱ्यापर्यंत सगळेच देतात, तो एका विशिष्ट प्रकारच्या संथपणालाच लागू पडतो. आपल्या संगणकाचा संथपणा त्या प्रकारचा आहे की नाही, हे पाच मिनिटांत आणि फुकटात तपासता येते, आणि ती तपासणी खरेदीच्या आधीच करायला हवी.

विंडोज १० मध्ये टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्स या भागात मेमरीवर क्लिक केले की सर्व आकडे समोर येतात. ही तपासणी संगणक नुकताच सुरू केलेला असताना करू नये. नेहमीचे काम ऐन भरात असताना, म्हणजे ज्या क्षणी संगणक अडखळतो त्याच क्षणी करावी. वापरात असलेली मेमरी नव्वद टक्क्यांच्या वर गेलेली आहे, ‘कमिटेड’ या शब्दापुढचा पहिला आकडा बसवलेल्या रॅमपेक्षा बराच मोठा आहे आणि त्याच वेळी डिस्कचा आलेख शंभर टक्क्यांना चिकटलेला आहे, अशा तिन्ही गोष्टी एकत्र दिसल्या तर मेमरीची टंचाई आहे हे निश्चित समजावे. माझ्या संगणकावर ४ जीबी रॅम असताना कमिटेडचा आकडा ७ जीबीच्या पुढे असे. याउलट मेमरी निम्मी मोकळी आणि प्रोसेसरचा आलेख मात्र शंभरावर, असे दिसत असेल तर रॅमवर एक रुपयाही खर्च करू नये. मेमरी मोकळी आणि डिस्क शंभर टक्के, असे असेल तर दोष हार्ड डिस्कचा आहे.

कमिटेडचा आकडा रॅमपेक्षा मोठा कसा असू शकतो, हे समजले की संथपणाचे कारणही समजते. उघड्या प्रोग्रॅमना जेवढी मेमरी देऊ केलेली असते तेवढी प्रत्यक्ष रॅममध्ये मावत नसेल, तर विंडोज त्यातला काही वेळ न वापरलेला भाग हार्ड डिस्कवरच्या पेजफाइलमध्ये नेऊन ठेवते आणि गरज पडली की परत आणते. विंडोज १० तर त्याआधी मेमरीतला मजकूर दाबून लहानही करून पाहते, पण त्याला मर्यादा असते. ही ने-आण ४ किलोबाइटच्या तुकड्यांत होते. आता मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या हार्ड डिस्कची तबकडी एक फेरा ८.३ मिलिसेकंदांत पूर्ण करते, म्हणजे हवा तो भाग वाचणाऱ्या टोकाखाली येण्यासाठी सरासरी ४ मिलिसेकंद थांबावे लागते. त्याशिवाय ते टोक योग्य वर्तुळावर सरकण्यासाठी आणखी आठ-नऊ मिलिसेकंद जातात. विखुरलेले तुकडे वाचायचे असतील तर असे वाचन सेकंदाला जेमतेम ७५ ते ८० वेळा होते आणि हाती पडतात सुमारे ३०० किलोबाइट. डीडीआर-३ १६०० ची एकच पट्टी सेकंदाला १२.८ गिगाबाइट एवढी माहिती हलवू शकते. मुद्रितांची फाइल खाली करून ब्राउझर पुढे आणला की पडदा पांढरा होऊन काही क्षण गोठतो, कॅबिनेटमधून डिस्कची खरखर ऐकू येते आणि मग हळूहळू पान उमटते, हा सर्वांच्या परिचयाचा अनुभव या दोन आकड्यांतल्या तफावतीतून येतो. प्रोसेसर त्या वेळी जवळजवळ रिकामाच बसलेला असतो.

हाच संगणक दहा वर्षांपूर्वी ४ जीबीवर तक्रार न करता चालत होता, मग आता काय बिघडले, असा प्रश्न अनेक जण विचारतात आणि व्हायरस किंवा ‘मशीन म्हातारे झाले’ असे उत्तर स्वतःच देऊन मोकळे होतात. रॅम म्हातारी होऊन संथ होत नाही; बदलले आहे ते तिच्यावर लादलेले ओझे. त्यातला सर्वांत मोठा वाटा ब्राउझरचा आहे. प्रोसेसरमधील स्पेक्टर ही त्रुटी २०१८ च्या आरंभी उघड झाल्यानंतर गुगलने त्याच वर्षी क्रोमच्या ६७ व्या आवृत्तीत प्रत्येक संकेतस्थळ वेगळ्या प्रक्रियेत चालवण्याची पद्धत जवळजवळ सर्व डेस्कटॉप वापरकर्त्यांसाठी सुरू केली. सुरक्षिततेसाठी ती आवश्यकच होती, पण त्यामुळे मेमरीचा वापर दहा ते तेरा टक्क्यांनी वाढतो हे खुद्द गुगलनेच सांगितले होते. त्यावर व्हॉट्सअ‍ॅप वेब दिवसभर उघडे, मजकूर मागवायला जीमेल उघडे, शब्दकोश पाहायला दोन-तीन टॅब उघडे आणि मागे पार्श्वसंगीतासाठी यूट्यूब, एवढ्यानेच ४ जीबीचा बहुतेक हिस्सा संपतो. मुख्य काम अजून सुरूच व्हायचे असते.

येथे अक्षरजुळणीच्या व्यवसायातील लोकांसाठी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. आपल्याकडे श्रीलिपी या मराठी सॉफ्टवेअरचे जुने टंक (फाँट) आणि पानांची मांडणी करणारा पेजमेकर ७ ही जोडी आजही अनेक छापखान्यांत चालू आहे. पेजमेकरची ही आवृत्ती २००१ सालची, ३२ बिटांची आहे. असा प्रोग्रॅम साधारणपणे स्वतःसाठी २ जीबीपेक्षा जास्त मेमरी वापरूच शकत नाही, मग संगणकात १६ जीबी असो वा ६४. त्यामुळे रॅम वाढवल्याने पेजमेकर स्वतः वेगवान होत नाही. तो पूर्वीही मेमरीसाठी अडत नव्हता. अडत होते ते त्याच्यासोबत उघडलेले बाकी सगळे, आणि त्या गर्दीत पेजमेकरचाही मजकूर डिस्कवर ढकलला जात होता. त्याहून महत्त्वाचे म्हणजे विंडोजच ३२ बिटांचे असेल तर ते ४ जीबीच्या पलीकडची रॅम वापरू शकत नाही. छपाईचे जुने सॉफ्टवेअर चालणार नाही या भीतीने अनेकांनी ३२ बिटांचेच विंडोज ठेवलेले असते. त्यांनी आधी ६४ बिटांची आवृत्ती बसवावी, नाहीतर नवी रॅम कॅबिनेटमध्ये केवळ शोभेसाठी राहील.

माझी गरज मात्र ब्राउझरपुरती नव्हती. ए-४ आकाराचे एक पान ३०० डीपीआयने, म्हणजे दर इंचाला ३०० बिंदू घेऊन, रंगीत स्कॅन केले तर त्यात २४८० गुणिले ३५०८ म्हणजे सुमारे ८७ लाख बिंदू असतात आणि प्रत्येक बिंदूला ३ बाइट धरले तर मेमरीत २६ मेगाबाइट जागा लागते. डिस्कवरची जेपीईजी फाइल दोन-तीन मेगाबाइटची दिसते म्हणून फसू नये; उघडल्यावर ती पूर्ण पसरते. तेच पान ६०० डीपीआयने घेतले तर १०४ मेगाबाइट. जुन्या मासिकाचे पिवळे पडलेले मुखपृष्ठ दुरुस्त करताना त्यावर आठ-दहा स्तर चढतात आणि मागे जाण्यासाठी ठेवलेल्या पायऱ्यांचा इतिहासही मेमरीतच राहतो, तेव्हा एकाच फाइलने एक-दीड जीबी व्यापणे ही नित्याची बाब होते. दिवाळी अंकाच्या दिवसांत अशा चार फाइली एकाच वेळी उघड्या असतात. त्यामुळे ८ जीबीवर न थांबता १६ जीबीपर्यंत जाण्याचा निर्णय घेतला.

एच-६१ चिपसेटची कमाल मर्यादाही १६ जीबीच आहे: दोन स्लॉट आणि प्रत्येकात ८ जीबी. प्रोसेसर स्वतः ३२ जीबी हाताळू शकतो, पण बोर्डावर जागाच नाही. जुन्या रॅमच्या २ जीबीच्या दोन पट्ट्यांनी दोन्ही स्लॉट भरलेले होते, म्हणून जोड देण्याचा प्रश्न नव्हता. दोन्ही काढूनच टाकायच्या होत्या. आपल्या संगणकात किती स्लॉट आहेत आणि किती भरले आहेत, हेही टास्क मॅनेजरच्या त्याच पानावर लिहिलेले असते, कॅबिनेट उघडावे लागत नाही. याहून जुना, जी-४१ चिपसेटचा बोर्ड असेल तर मर्यादा ८ जीबीची आहे, शिवाय त्यात आजच्या दाट चिपांच्या पट्ट्या अनेकदा चालत नाहीत. तशा संगणकावर खर्च करण्याआधी मी दोनदा विचार करीन.

डीडीआर-३ आणि डीडीआर-४ यांत गल्लत होण्याचे कारण नाही, कारण डीडीआर-३ च्या पट्टीला २४० पिना असतात आणि डीडीआर-४ ला २८८, शिवाय दोन्हींच्या कडेवरील खाच वेगळ्या जागी असते. डीडीआर-२ लाही २४० पिनाच असतात, पण तिचीही खाच निराळी. जोर करून बसवण्याचा प्रयत्न केल्यास मात्र स्लॉट तुटतो. विजेचा दाब हा दुसरा मुद्दा. साध्या डीडीआर-३ ला १.५ व्होल्ट लागतात, डीडीआर-३ एल प्रकारच्या पट्टीला १.३५ व्होल्ट पुरतात, पण ती १.५ व्होल्टवरही चालण्यासाठीच बनवलेली असते. त्यामुळे एच-६१ बोर्डासाठी दोन्हींपैकी काहीही मिळाले तरी हरकत नाही. रंगीत पत्र्याचे आवरण चढवलेल्या, संगणकावर गेम खेळणाऱ्यांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या काही पट्ट्या १.६५ व्होल्टच्या असतात, त्या या बोर्डावर टाळाव्यात. वेगाच्या बाबतीतही हाच न्याय लागू होतो. आय-३ ३२२० हा प्रोसेसर रॅमला १६०० पेक्षा अधिक वेगाने चालवत नाही, म्हणून १८६६ किंवा २१३३ च्या पट्टीला दिलेले जादा पैसे वाया जातात. त्याआधीच्या पिढीचा, आय-३ २१२० सारखा प्रोसेसर असेल तर १६०० ची पट्टीही १३३३ वरच चालेल. बिघाड झाला असे समजून दुकानदाराशी वाद घालू नये.

मी घेतलेल्या पट्टीवरचा क्रमांक केव्हीआर१६एन११/८ असा आहे आणि तो वाचता येणे उपयोगाचे आहे. केव्हीआर म्हणजे व्हॅल्यूरॅम, १६ म्हणजे १६००, एन म्हणजे चूक दुरुस्त करण्याची सर्व्हरमधली सोय नसलेली साधी रॅम, ११ म्हणजे सीएल ११ (माहिती मागितल्यापासून ती मिळेपर्यंत घड्याळाचे ११ ठोके) आणि शेवटचा ८ म्हणजे आकारमान. हा सीएलचा आकडा पाहून काही जण नाक मुरडतात. ९ असलेली पट्टी अधिक चपळ, असे त्यांचे म्हणणे असते. हिशेब असा की १६०० च्या रॅमचे घड्याळ ८०० मेगाहर्ट्झचे, म्हणजे एक ठोका १.२५ नॅनोसेकंदाचा, ११ ठोके म्हणजे १३.७५ नॅनोसेकंद आणि ९ ठोके म्हणजे ११.२५ नॅनोसेकंद. अडीच नॅनोसेकंदांचा हा फरक मोजणीच्या सॉफ्टवेअरला दिसतो, अक्षरजुळणी करणाऱ्याला दिसत नाही.

खरेदी ग्रँट रोड स्थानकाजवळच्या लॅमिंग्टन रोडवरून केली. कागदोपत्री त्याचे नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असले तरी तिथे जाऊन ते नाव विचारणाऱ्याकडे लोक जरा निरखून पाहतात. डीडीआर-३ आता मुख्य प्रवाहातली वस्तू राहिलेली नाही, त्यामुळे तिथे तीन प्रकारचा माल समोर येतो. पहिला, पाकीटबंद नवा ब्रँडेड माल. तो प्रत्येक दुकानात नसतो, मागवून द्यावा लागतो. दुसरा, कार्यालयांतून मोडीत निघालेल्या संगणकांतून काढलेल्या सॅमसंग, हायनिक्स किंवा मायक्रॉनच्या पट्ट्या. या वापरलेल्या असल्या तरी मुळात चांगल्या कंपन्यांच्या असतात, आणि रॅममध्ये झिजणारा हलता भाग नसल्यामुळे कमी पैशांत भागवायचे असेल तर मी त्यांना नाही म्हणणार नाही. अट एकच: दुकानदाराने काही महिन्यांची तरी लेखी हमी द्यावी आणि पट्टी आपल्यासमोर चालवून दाखवावी. तिसरा प्रकार मात्र कटाक्षाने टाळावा. नाव कधीही न ऐकलेल्या, नव्याकोऱ्या दिसणाऱ्या आणि संशय यावा इतक्या स्वस्त अशा या ८ जीबीच्या पट्ट्यांपैकी बऱ्याच फक्त एएमडीच्या बोर्डांवर चालतात, कारण त्यांतील चिपांची अंतर्गत मांडणी इंटेलच्या नियंत्रकाला ओळखता येत नाही. काहींवर तसे बारीक अक्षरांत लिहिलेले असते, काहींवर नसतेही. सर्व्हरमधून काढलेल्या रजिस्टर्ड प्रकारच्या पट्ट्याही अशाच स्वस्तात मिळतात आणि त्याही साध्या डेस्कटॉपमध्ये चालत नाहीत.

मी ज्या दुकानातून पट्ट्या घेतल्या तिथला विक्रेता मितभाषी होता, पण बोर्डाचा क्रमांक विचारल्याशिवाय त्याने पट्टी काढली नाही, ही त्याच्या जाणकारीची पावती मानतो. बिल मात्र मागावे लागले. बिलाशिवाय घेतल्यास १८ टक्के जीएसटी वाचतो, असे हळूच सुचवण्याची पद्धत बाजारात आहे. रॅमच्या बाबतीत ती बचत करू नये, कारण हमीचा दावा करताना तोच कागद लागतो. किमतीचा आकडा मुद्दाम देत नाही. २०२५ च्या अखेरीपासून कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांकडून आलेल्या प्रचंड मागणीमुळे मेमरीच्या किमती इतक्या वेगाने चढत गेल्या आहेत की आज लिहिलेला आकडा पुढच्या महिन्यात निरर्थक ठरेल. त्याच ओघात मायक्रॉनने किरकोळ ग्राहकांसाठीचा आपला क्रुशियल हा ब्रँड बंद करण्याची घोषणा डिसेंबर २०२५ मध्ये केली, म्हणजे विश्वासाने घ्यावी अशी नावेही कमी होत चालली आहेत. तरीही दोन पट्ट्यांचा एकूण खर्च नव्या संगणकाच्या खर्चाच्या तुलनेत अगदीच किरकोळ होता, एवढे सांगता येईल.

बसवण्याचे काम घरी करण्यासारखे आहे आणि त्यासाठी तंत्रज्ञाला बोलावण्याचे कारण नाही. वीजपुरवठ्याची तार काढून टाकावी, मग सुरू करण्याचे बटण काही सेकंद दाबून ठेवावे म्हणजे एसएमपीएसमध्ये (वीज पुरवणाऱ्या पेटीत) उरलेला भार निघून जातो. कॅबिनेट आडवे ठेवावे. अंगातली स्थिर वीज चिपांना घातक ठरू शकते, म्हणून कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला हात लावून मगच पट्टी हाताळावी, तीही कडांना धरून. स्लॉटच्या टोकांच्या खिट्ट्या बाहेर ढकलल्या की जुनी पट्टी वर येते. आपल्याकडच्या दमट हवेत, विशेषतः मुंबई आणि कोकणपट्टीत, स्लॉटमध्ये धूळ आणि ओलावा यांचा थर जमतो. नवी पट्टी लावण्याआधी मऊ, कोरड्या ब्रशने तो झाडून घ्यावा. फुंकर मारू नये, तोंडातली वाफ तिथेच बसते. खाच जुळवून दोन्ही टोकांवर अंगठ्यांनी सरळ दाब दिला की खिट्ट्या आपोआप ‘टक्’ असा आवाज करून बंद होतात. दाब बराच द्यावा लागतो आणि बोर्ड किंचित वाकल्यासारखा वाटतो, तेव्हा नवख्या माणसाचा हात थांबतो. अर्धवट बसलेली पट्टी हेच पडद्यावर काहीही न येण्याचे आणि कॅबिनेटमधून बीप ऐकू येण्याचे सर्वांत सामान्य कारण असते. पट्टी नवी असल्याने गरज पडली नाही, पण वापरलेली पट्टी घेतल्यास तिच्या सोनेरी पिनांवरून साधे पांढरे खोडरबर हलकेच फिरवून कण झटकून टाकण्याची आपल्या दुरुस्तीवाल्यांची रीत खरोखरच गुणकारी आहे.

पहिल्यांदा सुरू होताना संगणकाने नेहमीपेक्षा थोडा जास्त वेळ घेतला. विंडोजच्या आधी उघडता येणाऱ्या बायॉस या सेटिंगच्या पडद्यावर १६ जीबी, १६०० आणि रॅमकडे जाणारे दोन्ही मार्ग कार्यरत, अशी नोंद काहीही बदल न करता दिसली. तेवढ्यावर समाधान न मानता मेमटेस्ट८६+ हा विनामूल्य प्रोग्रॅम पेन ड्राइव्हवर घेऊन रात्रभर चालवला. पेन ड्राइव्हची खटपट नको असेल तर विंडोजमध्येच असलेली मेमरी डायग्नोस्टिक ही सोय वापरावी, पण चाचणी चुकवू नये. सदोष रॅम संगणक लगेच बंद पाडत नाही. ती कधीतरी एखाद्या फाइलमधला एखादा बिट बदलते आणि महिनाभराने ती फाइल उघडेनाशी होते. माझ्या पट्ट्यांत एकही चूक निघाली नाही.

आता परिणामाकडे वळतो. काम चालू असताना मध्येच पडदा गोठणे पूर्णपणे थांबले आहे. जुळणीची फाइल, दोन-तीन स्कॅन केलेली मुखपृष्ठे, पीडीएफ वाचक आणि पंधरा-वीस टॅब असलेला ब्राउझर हे सर्व उघडे ठेवून एकातून दुसऱ्यात जाताना आता वाट पाहावी लागत नाही, आणि डिस्कचा आलेख बहुतांश वेळ तळाशी असतो. मोठ्या स्कॅनवर रंगदुरुस्ती केल्यानंतर मागची पायरी परत आणण्यासाठी पूर्वी जो विलंब लागत असे तो जवळजवळ नाहीसा झाला आहे. सकाळी एकदा उघडलेला प्रोग्रॅम दुपारी पुन्हा उघडला तर तो झटकन येतो. कारण मोकळी असलेली रॅम विंडोज वाया घालवत नाही, नुकत्याच वाचलेल्या फाइली तिथेच साठवून ठेवते. टास्क मॅनेजरमध्ये ही साठवण ‘कॅश्ड’ या शब्दापुढे दिसते आणि तो आकडा बराच मोठा असू शकतो. त्याने गोंधळून जाऊन ‘रॅम क्लीनर’ नावाचे प्रोग्रॅम कोणीही बसवू नयेत. ते साठवलेला मजकूर पुसून टाकतात आणि तोच पुन्हा डिस्कवरून वाचायला लावतात.

दोन सारख्या पट्ट्या लावल्याने रॅमकडे जाणारे दोन्ही मार्ग एकाच वेळी चालतात आणि वहनक्षमता १२.८ वरून २५.६ गिगाबाइटवर जाते. पडद्यावरचे चित्र तयार करणाऱ्या, या प्रोसेसरमधील एचडी ग्राफिक्स २५०० या सोयीला स्वतःची मेमरी नाही, ती मुख्य रॅममधूनच वाटा घेते, त्यामुळे तिला हा दुसरा मार्ग मानवतो. माझ्या जुन्या पट्ट्याही जोडीच्याच होत्या, म्हणून मला येथे फरक पडला नाही. परंतु दोन पट्ट्या काढून त्या जागी ८ जीबीची एकच लावणाऱ्याने एक मार्ग बंद पडतो हे ध्यानात ठेवावे. शक्यतो ४ जीबीच्या दोन घ्याव्यात.

जे बदलले नाही तेही तितक्याच स्पष्टपणे नोंदवले पाहिजे. संगणक सुरू होऊन कामाला तयार व्हायला जेवढा वेळ पूर्वी लागत असे तेवढाच आजही लागतो, कारण त्या वेळी सगळे काही डिस्कवरून प्रथमच वाचले जात असते. प्रोग्रॅम दिवसातून पहिल्यांदा उघडताना लागणारा वेळही तोच. शंभर पानांची पीडीएफ तयार करणे हे प्रोसेसरचे काम असल्यामुळे त्यात डोळ्यांना जाणवेल असा फरक नाही. इंटरनेटचा वेग रॅमने वाढत नाही, हे सांगावे लागू नये, पण तशी अपेक्षा ठेवणारे लोक मी पाहिले आहेत. सुरू होण्याचा वेळ हीच ज्यांची मुख्य तक्रार आहे त्यांनी रॅमऐवजी एसएसडी, म्हणजे फिरती तबकडी नसलेली डिस्क, घ्यावी. एच-६१ बोर्डावर साटाचा (डिस्क जोडण्याच्या मार्गाचा) जुना, सेकंदाला ३ गिगाबिटचाच वेग मिळतो, म्हणजे एसएसडीची पूर्ण क्षमता वापरली जात नाही. तरीही तबकडी फिरण्याची वाट पाहणे संपते, आणि फरक त्यातच आहे. पैसे एकाच गोष्टीपुरते असतील आणि रॅम आधीच ८ जीबी असेल, तर माझा कौल निःसंशय एसएसडीला आहे. रॅम ४ जीबी किंवा त्याहून कमी असेल तर आधी रॅम. एसएसडी लावूनही मेमरीची टंचाई तशीच ठेवली तर सगळी ने-आण त्या एसएसडीवर होत राहते आणि तिच्या लेखनाच्या मर्यादित आयुष्यातला काही भाग पेजफाइल खाते.

लहान आकाराची, १२० जीबीची एसएसडी आधीच लावलेली असेल तर आणखी एका गोष्टीकडे लक्ष द्यावे. विंडोज १० हायबरनेशनसाठी, म्हणजे रॅममधला मजकूर डिस्कवर उतरवून संगणक बंद करण्याच्या सोयीसाठी, रॅमच्या सुमारे ४० टक्के आकाराची फाइल सी ड्राइव्हवर राखून ठेवते. रॅम ४ वरून १६ जीबी झाली की ही फाइल दीड जीबीवरून साडेसहा जीबीच्या घरात जाते आणि ड्राइव्हमधली जागा अचानक कुठे गेली हे कळत नाही. हायबरनेशन वापरत नसाल तर ते बंद करून ही जागा परत मिळवता येते, मात्र मग जलद सुरू होण्याची सोयही बंद होते.

या वयाच्या संगणकावर खर्च करावा का, याचे उत्तर वापरावर अवलंबून आहे. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ला दिलेला नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि तिसऱ्या पिढीचा हा प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत बसत नाही. रॅम कितीही वाढवली तरी तो बसणार नाही. वैयक्तिक ग्राहकांना सुरक्षेच्या सुधारणा नोंदणी करून ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. त्यानंतर बँकेचे व्यवहार आणि ईमेल अशा संगणकावर करणे योग्य नाही. मी लिनक्स मिंट या विनामूल्य कार्यप्रणालीकडे वळण्याचे ठरवले आहे. युनिकोड मराठी तिथे व्यवस्थित चालते आणि १६ जीबी रॅम तिथेही कामी येईल. जुन्या टंकांतल्या पेजमेकर फाइलींसाठी विंडोज इंटरनेटपासून तोडून त्याच संगणकात वेगळे ठेवता येईल. ज्यांचे सगळे काम ब्राउझरमध्ये आहे आणि ज्यांना विंडोजच हवे आहे, त्यांनी डीडीआर-३ मध्ये पैसे न गुंतवता ते नव्या संगणकासाठी राखून ठेवावेत, कारण या पट्ट्या नव्या बोर्डावर लागणार नाहीत.

किंग्स्टन या पट्ट्यांवर आजीवन हमी देते. पट्टीवरचा स्टिकर फाटलेला नसावा आणि बिल जपून ठेवलेले असावे, एवढी काळजी ग्राहकाने घ्यायची असते. स्टिकरवरचा क्रमांक आणि बिल या दोन्हींचे मोबाइलवर छायाचित्र काढून ठेवले आहे. बिलाच्या पातळ कागदावरची अक्षरे वर्षभरात उडून जातात. जुन्या २ जीबीच्या पट्ट्या दुकानदाराने परत घेतल्या नाहीत, त्याच्या म्हणण्यानुसार त्यांना आता गिऱ्हाईकच नाही.